आळ जिथे आला तिथेच उतरवायचा

गणेश चवथीच्या रात्री आई आम्हां भावंडांना अंगणात पाऊल टाकू देत नसे. गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आरती झाली की दार लोटून घ्यायची. चुकून चंद्र दिसला तर वर्षाच्या आत खोटा आळ येतो, कृष्णालासुद्धा तो चुकला नाही, असं सांगायची. स्यमंतक मण्याची गोष्ट मी तेव्हापासून ऐकत आले. तिचा खरा उपयोग मात्र वयाच्या ५९व्या वर्षी कळला. त्या दिवशी आमच्या गटातल्या एका बाईने भर बैठकीत माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "पयशे खंय गेले?" पैसे कुठे गेले?

मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. वाड्यावरच्या १६ बायकांचा आमचा स्वयंसाहाय्य गट आहे. चवथीला आम्ही नेवऱ्या, चकल्या, लाडू, मोदकांची पिठी करून विकतो. जमाखर्चाची वही ११ वर्षं माझ्याकडे आहे. त्या वर्षी चवथ झाल्यावर हिशेबात ३८,४०० रुपये कमी दिसले आणि ते मी खाल्ले असं ठरून गेलं. त्या आळाखाली मी पाच आठवडे काढले. त्याच्या कितीतरी आधी मी स्वतः एका गरीब बाईवर असाच खोटा आळ घातला होता. दोन्ही इथे सांगते. आळ कसा उतरवायचा हे मी एकीकडून शिकले आणि तो उतरेपर्यंत माणसाचं काय होतं हे दुसरीकडून.

आधी ती गोष्ट पुन्हा एकदा बघू, कारण पुढचं सगळं तिच्यातच आहे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परतला नाही. कृष्णाने तो मणी पूर्वी मागितला होता, एवढ्यावरून सत्राजित म्हणाला की यानेच माझ्या भावाला मारलं. बोलणं कानोकानी द्वारकाभर गेलं. कृष्ण शपथा घेत बसला नाही, सत्राजिताच्या दारात भांडायलाही गेला नाही. गावातली माणसं बरोबर घेऊन तो माग काढत रानात शिरला. मेलेला प्रसेन आणि त्याचा घोडा सगळ्यांनी पाहिला, पुढे मेलेला सिंह पाहिला, तिथून अस्वलाची पावलं गुहेपर्यंत गेलेली पाहिली. त्या गुहेतल्या अस्वलांच्या राजाशी, जांबवंताशी २८ दिवस झुंज झाली. मणी मिळाल्यावर कृष्णाने तो गुपचूप सत्राजिताच्या घरी पोचवला नाही. राजासमोर सभा भरवली, सत्राजिताला बोलावलं, मणी कुठे आणि कसा मिळाला ते सर्वांदेखत सांगितलं आणि मग त्याच्या हातात दिला.

साक्षीदार बरोबर, माग पायरीपायरीने, आणि उलगडा भर सभेत. आमच्या आईने ही गोष्ट हजार वेळा सांगितली, पण गणपतीची म्हणून सांगितली.

पहिला दिवस

आळ ऐकल्यावर माणूस दोनपैकी एक करतो. एक तर रडून-ओरडून शंभर वाक्यं बोलतो, नाहीतर "माझा देव बघून घेईल" म्हणत घरात जाऊन पडतो. मी दुसरं केलं आणि त्यात चार दिवस फुकट गेले. आमच्या वाड्यावर सकाळी पाव घेऊन पदेर यायच्या आधी बातमी पोचलेली असते. चार दिवसांत ३८,४०० चे ५० हजार झाले, आणि मग कोणीतरी माझ्या मुलाच्या नव्या गाडीशी त्याचा संबंध लावला. गाडी कर्जाची होती.

म्हणून पहिल्याच दिवशी एक छोटा मजकूर लिहा आणि जिथे आळ आला तिथेच टाका. व्हॉट्सॲपच्या गटात आला असेल तर त्याच गटात, बैठकीत आला असेल तर बैठकीच्या सर्व सभासदांना. मी पाचव्या दिवशी लिहिला तो असा होता:

"माझ्यावर गटाचे ३८,४०० रुपये घेतल्याचा आरोप झाला आहे. तो मला मान्य नाही. येत्या रविवारी संध्याकाळी ४ वाजता सर्व वह्या, पासबुकं आणि बिलं घेऊन मी बसणार आहे. कोणत्या तारखेची कोणती रक्कम कमी आहे असं वाटतं, ते आरोप करणाऱ्यांनी लिहून आणावं."

यात मी कुणाला खोटारडी म्हटलं नाही, जुन्या उपकारांची आठवण करून दिली नाही, मुलांची शपथ घातली नाही. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. "तू पैसे खाल्लेस" याला उत्तर देता येत नाही. "२९ ऑगस्टचे १४,४०० रुपये पासबुकात दिसत नाहीत" याला देता येतं. आळ धुक्यासारखा असतो तोवर त्याच्याशी कोणीच लढू शकत नाही. त्याला तारीख, रक्कम, जागा द्यायला लावा.

रागाने व्हॉट्सॲप गट सोडू नका. गट सोडला की "बघा, पळाली" असं होतंच, शिवाय पुढे तिथे काय लिहिलं गेलं ते तुम्हाला दिसत नाही. काहीही पुसू नका, आपला चुकीचा संदेशसुद्धा नको. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर आधी ती बंद करा.

"कोणी सांगितलं?" या प्रश्नाच्या मागे लागू नका, हे मी हात जोडून सांगते. मी दोन आठवडे तेच करत होते. हिला विचारलं तर ती म्हणे तिने सांगितलं, तिला विचारलं तर ती म्हणे दुकानावर ऐकलं. प्रत्येक घरी गेले तिथे मीच आळाची गोष्ट पुन्हा एकदा सांगून आले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही माझ्याच तोंडून कळलं.

"कर नाही त्याला डर कशाला" ही म्हण त्या दिवसांत मला किमान दहा जणांनी ऐकवली. ती खरी नाही. ज्याने खरंच पैसे खाल्लेले असतात त्याच्याकडे उत्तर तयार असतं, कारण असा दिवस येणार हे त्याला माहीत असतं. निर्दोष माणसाकडे काहीच तयार नसतं. त्याचे हात थरथरतात, तारखा चुकतात, तो तीन वेळा तीन तऱ्हेने सांगतो. कुणी घाबरलेलं दिसलं की ते दोषी आहे असं धरून चालू नका, आणि स्वतः घाबरलात म्हणून स्वतःवर संशय घेऊ नका.

आण आणि भरपाई

दोन वाटा तुमच्यासमोर ठेवल्या जातील आणि दोन्ही प्रेमाने ठेवल्या जातील.

पहिली वाट, "देवळात ये आणि आण घे." आमच्याकडे कौल-प्रसादाची रीत आहे, देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात आणि उजवी पडली की डावी त्यावरून होकार-नकार समजतात. माझी श्रद्धा आहे. घरातलं लग्न ठरवताना मीही प्रसाद लावला आहे. पण हिशेबाचा निवाडा तिथे नेऊ नका. शपथ घेतली तरी ज्यांना मानायचं नाही ते मानत नाहीत. आणि पुढे केव्हाही घरात कुणी आजारी पडलं, सून पडली, नातवाला ताप आला, की लोक म्हणतात, "बघ, खोटी आण घेतली होती." तुमच्या घरातल्या प्रत्येक दुखण्याला मग त्या आळाचा पुरावा बनवलं जातं. मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला तर कधीच तयार होऊ नका. मी एवढंच म्हटलं, "देवाला मी रोज हात जोडते. हिशेब वहीत आहे, तो वहीतच बघूया."

दुसरी वाट, "अर्धे भर आणि मिटव." हे सांगणारा माझा सख्खा दीर होता, आणि त्याने ते माझ्या काळजीपोटी सांगितलं. नवराही म्हणाला, "भरून टाकूया, तुझी झोप तरी परत येईल." मोह फार मोठा होता. पण दिलेला पैसा म्हणजे कबुली, असंच सगळे धरतात, आणि जे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत ते भरून तुम्ही खऱ्या चुकीचा शोध कायमचा बंद करता. गटाची अडचण असेल, पगार किंवा बिल अडलं असेल आणि काही रक्कम पुढे करावीच लागली, तर लेखी लिहून द्या: आरोप मान्य नाही, हिशेब लागेपर्यंत ही रक्कम तात्पुरती दिली आहे, हिशेब लागल्यावर परत मिळावी. त्याची पोच घ्या. तोंडी काही देऊ-घेऊ नका, आणि कुणी आधी तयार करून आणलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. "उद्या वाचून सांगते" म्हणायला कुठलाही कायदा आड येत नाही.

कागद कसा शोधायचा

एक नवी वही घ्या. पहिल्या पानापासून तारखेप्रमाणे लिहा: कोण काय बोललं, कुठे, कोण हजर होतं. आपल्याला अडचणीचं असेल तेही लिहा. मी लिहिलं की २७ ऑगस्टला घाईत मी एक पावती फाडायची विसरले होते. पुढे बैठकीत तेच वाक्य माझ्या कामी आलं. स्वतःची चूक लिहून ठेवणाऱ्या बाईचं बाकीचं लिहिणं लोकांनी खरं मानलं.

मग माग काढा, पण एकट्याने नव्हे. ज्या बाईने माझ्यावर आळ घातला तिलाच मी म्हटलं, "वहिनी, शुक्रवारी माझ्याबरोबर म्हापशाला चल." ती कां-कूं करत आली. तिसरी एक सभासद बरोबर घेतली. शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत आम्ही तिघी आमच्या रवा-गुळाच्या घाऊक दुकानदाराकडे गेलो. त्याला मी २४,००० रुपये रोख दिले होते आणि बिल माझ्याकडे होतं, पण ते त्या गुळगुळीत कागदावर छापलेलं, ज्यावरची अक्षरं उडून जातात. माझ्या फाइलीत नुसता पांढरा तुकडा होता. दुकानदाराने हिशेबाची जुनी नक्कल काढली. तारीख, गटाचं नाव, २४,००० रुपये मिळाले. ते पान वहिनीने आपल्या डोळ्यांनी वाचलं. मी एकटी जाऊन नक्कल आणली असती तर "दुकानदार तिच्या ओळखीचा" एवढं वाक्य पुरलं असतं.

उरले १४,४००. आमच्या गटाचं आधी एका बँकेत खातं होतं. नवं उघडल्यावर जुनं बंद करायचं राहून गेलं होतं. एका सभासदाने मशीनमध्ये रोख भरताना जुना खातेक्रमांक टाकला. तिच्या हे ध्यानीमनी नव्हतं. जुन्या खात्याचा उतारा मागवला तेव्हा रक्कम जशीच्या तशी तिथे पडलेली होती. २४,००० आणि १४,४०० मिळून ३८,४००.

यावरून आता मी जे पाळते ते तुम्हीही पाळा. उडणाऱ्या शाईच्या बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढून दोन्ही एकत्र टाचा. पैसे मोजताना दोन माणसं, वहीवर दोन सह्या. न वापरलेलं खातं बंद करून तसं पत्र फाइलीत. दर महिन्याला पासबुक सगळ्यांसमोर वाचायचं. विश्वास आहे म्हणून हिशेब मागत नाही, असं आमच्या गटात अभिमानाने म्हणायचे. ११ वर्षं माझी वही कुणी उघडून पाहिली नव्हती, आणि म्हणूनच एका दिवसात तिच्यावरचा सगळा विश्वास गेला.

कागद दुसऱ्याने दाखवला तर मूळ प्रत मागा. मोबाइलवरच्या संभाषणाचं चित्र तर अर्धं कापून कसंही दाखवता येतं. आधीचे दोन आणि नंतरचे दोन संदेश दाखवायला सांगा. टिळक आणि आगरकर यांच्यासारख्यांनाही इथे ठेच लागली आहे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे महाराजांचा छळ करतात असं दाखवणाऱ्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांच्या वृत्तपत्रांनी टीका केली, ती दाखवलेली पत्रं बनावट निघाली आणि १८८२ साली दोघांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्यांचा हेतू शुद्ध होता, महाराजांबद्दलची कळकळ खरी होती. पण कळकळ खरी असली म्हणून हातातला कागद खरा ठरत नाही. गटात एखादं चित्र पुढे ढकलताना मला ही गोष्ट आठवते.

बैठक

हिशेब सापडला म्हणजे आळ उतरला नाही. वहिनी म्हणाली, "झालं ना, मिटलं, मी सगळ्यांना सांगते." मी नको म्हटलं. १६ जणींसमोर आलेला आळ १६ जणींसमोरच उतरला पाहिजे.

बैठकीला हिशेब समजणारा एक बाहेरचा माणूस बसवा. आम्ही गावातल्या निवृत्त शिक्षकांना बोलावलं. त्यांचा गटाशी काही संबंध नव्हता आणि सगळे त्यांना "सर" म्हणून मानतात. तुम्ही स्वतः कमी बोला. मी कागद एकेक करून सरांपुढे ठेवले आणि त्यांनी मोठ्याने वाचले. दुकानात काय दिसलं ते मी सांगितलं नाही, वहिनीला सांगायला लावलं. शेवटी इतिवृत्तात ठराव लिहिला: ३८,४०० रुपयांचा पूर्ण मेळ लागला, वही लिहिणाऱ्या सभासदाचा कोणताही दोष आढळला नाही, आरोप मागे घेतला आहे. १६ सह्या. त्या पानाचा फोटो त्याच व्हॉट्सॲप गटात टाकला.

जुन्या खात्यात पैसे भरणाऱ्या बाईला त्या दिवशी कुणी फाडून खाऊ नये म्हणून मी आधीच सरांशी बोलले होते. तिची चूक होती, चोरी नव्हती. एका बाईच्या डोक्यावरचा आळ काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवायला मला माझी वही नको होती.

देवस्थानच्या पैशांवरून आळ आला असेल तर मात्र देवळाच्या पायरीवर बसून निवाडा करू नका. गोव्यात देवस्थानांचा कारभार कायद्याने चालतो आणि मामलेदार त्यांचे प्रशासक असतात. हिशेबाचा वाद तिथे लेखी न्या.

पोलिसांचं नाव निघालं तर

मला एकदा धमकी आली की तक्रार होणार. मी वकील नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे गेले आणि जे कळलं ते इथे लिहिते. १९८७च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. देशभरासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. सोपवलेला पैसा खाल्ल्याचा आरोप साधारणपणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात एरवी पोलीस थेट अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५. नोटीस आली तर टाळू नका. दिलेल्या वेळी जा, कागदांच्या प्रती न्या, मूळ कागद द्यावेच लागले तर पोच घ्या. अटकेची भीती खरी असेल तर त्याच सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी आधीच वकिलाला भेटा. अपवाद सोडल्यास सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं आणि त्या रात्री थोडी झोप लागली.

अब्रुनुकसानीचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. दिवाणी दावा करायचा तर एका वर्षाच्या आत. इजा करण्याच्या हेतूने, खोटं आहे हे माहीत असून कुणी गुन्ह्याची फिर्याद केली तर त्यासाठी न्याय संहितेचंच कलम २४८ आहे. मोबाइलवरचे संदेश न्यायालयात द्यायचे तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या फोनवर संदेश आला तो विकू नका, बदलू नका.

पण इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं होत नाही. मार खाणाऱ्या बाईकडे बहुतेक वेळा साक्षीदार नसतो. योग्य अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी नाही, कायद्यानेच तसा अपवाद ठेवला आहे. कुणाची खरी तक्रार दाबायला "खोटा आळ, खोटा आळ" ओरडणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी लिहिलेला नाही.

घरातला संशय

घरात सभा भरवता येत नाही, म्हणून हा आळ सर्वांत वाईट. साखळी गावात दिलेल्या माझ्या भाचीवर नवऱ्याने संशय घेतला, कामावरच्या एका माणसाशी बोलते म्हणून. तिने फोन उघडून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. मग रोज संध्याकाळी, परीक्षेसारखा. महिन्याने तो म्हणाला, "दाखवतेस म्हणजे आधी पुसत असशील."

न केलेली गोष्ट केली नाही हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणून इथेही तेच विचारायचं: कोणता दिवस, काय पाहिलं, कुणी सांगितलं. नेमकं उत्तर मिळालं तर एकदा मोकळेपणाने, दोघांचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा वडील माणसासमोर बोला. नेमकं उत्तर नसेल तर रोजची तपासणी थांबवा. भाचीने सांगितलं, "तुम्हाला भीती वाटते ते मला कळतं. मी बोलायला कधीही तयार आहे. पण फोन आता देणार नाही." आश्चर्य म्हणजे तिच्या सासूने तिची बाजू घेतली. दोघं आता समुपदेशकाकडे जातात, आणि प्रकरण अजून पूर्ण सुटलेलं नाही. हात उगारला जात असेल, घरातून बाहेर पडू देत नसतील, तर बोलणी वगैरे काही नको, माहेर किंवा सुरक्षित घर गाठा. आणि गोव्यातले लग्न-घटस्फोटाचे कायदे पोर्तुगीज काळापासूनचे, वेगळे आहेत. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाचा कायदेशीर सल्ला ऐकण्याआधी इथल्या वकिलाला विचारा.

त्या पाच आठवड्यांत माझं वजन उतरलं. विहिरीकडे जायला मी टाळत असे, कारण तिथे नको ते विचार यायचे. तुमच्या मनात तसं आलं तर त्याच दिवशी जवळच्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा क्रमांक आहे, कधीही लावता येतो. लाज वाटून घेऊ नका. मी माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं आणि ती कदंबाच्या पहिल्या बसने येऊन माझ्याकडे आठ दिवस राहिली.

आळ तुम्ही घातला असेल तर

१४ वर्षांपूर्वी शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जाताना मी गळ्यातली साखळी घरात ठेवली. परत आले तर जागेवर नाही. आमच्याकडे भांडी-धुणं करायला कर्नाटकातून आलेली एक बाई होती. मी तिला विचारलं नाही, सरळ म्हटलं, "साखळी काढ." तिने रडून नाही म्हटलं. मी तिला कामावरून काढलं आणि आजूबाजूच्या तीन घरी "सांभाळून रहा" असं सांगून आले. तिन्ही घरांनी तिला काढलं.

साखळी पाच महिन्यांनी तांदळाच्या पिंपाच्या तळाशी मिळाली. चोराच्या भीतीने मीच ती तिथे दडपली होती.

अशा वेळी पहिला विचार येतो तो गप्प राहण्याचा. मला आला. साखळी हातात घेऊन मी दोन दिवस कुणाला बोलले नाही. तुम्ही असे दोन दिवसही घेऊ नका, कारण त्या दोन दिवसांत आपण स्वतःची बाजू रचायला लागतो: ती तशी उद्धटच होती, कोणालाही वाटलं असतं, वगैरे. माफी मागताना "गैरसमज झाला" हा शब्द वापरू नका. गैरसमज आपोआप होतो, आळ आपण घालतो. तिन्ही घरी जाऊन मी उभ्याने सांगितलं: "मी सांगितलं होतं की तिने साखळी चोरली. ते खोटं होतं. साखळी माझ्याच पिंपात होती. चूक माझी आहे, तिची नाही." एका घरी चहा पुढे आला, मी तो बोलणं पूर्ण झाल्यावर घेतला.

मग तिची खोली शोधत गेले. पाच महिन्यांचा तिन्ही घरांचा पगार मोजून पाकिटात नेला होता. आधी माफी मागितली, पाकीट नंतर पुढे केलं, आणि ते माफीच्या बदल्यात नाही हे बोलून दाखवलं. तिने पाकीट घेतलं. परत कामावर ये म्हटलं तेव्हा नको म्हणाली, आणि तो तिचा हक्क होता. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही तिच्या तोंडून ते काढून घेण्यासाठी थांबले नाही.

कुणाकुणाला सांगितलं, एवढंच तिने विचारलं. मी तीन घरांची नावं घेतली.

"आणि दुकानवाल्याला?"

दुकानदाराला मी काही बोलले नव्हते. पण बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं आणि तेव्हापासून त्याने तिची उधारी बंद केली होती. हे मला तिने सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. म्हणून माफी मागायला जाल तेव्हा यादी तुमच्या मनाने करू नका, तिला विचारा. आळ कुठवर गेला हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक असतं.

मी त्याच संध्याकाळी गेले तर दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चार-पाच गिऱ्हाइकं उभी असताना, पुन्हा गेले आणि तेच वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मग तिच्या खोलीवर जाऊन तिला कळवलं.